मोहाच्या दिवसांतली सकाळची गोळी

२० फेब्रुवारी

होलसेलवाल्याने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली होती. दीड महिना ती काउंटरखाली खोक्यांमध्ये पडून होती, आज बाहेर काढली. मूलला, माझ्या गावी, फोन केला की आई म्हणते, "पुनम, तुह्या पोटात काई राह्यत नाई. एक दिवस ह्याचं दुखणं त्याले सांगशीन अन् दुकान बंद पडन." तेव्हा जे कुणाला सांगायचं नाही ते इथे लिहायचं ठरवलंय. किती दिवस जमतं बघू.

पोंभुर्ण्यात मेडिकल टाकून चार महिने होत आले. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, "मेडिकलवाला कुठी गेला?" मीच आहे म्हटलं की जरा विचार करायचे आणि नुसता बाम घेऊन जायचे. आता चिठ्ठी घेऊन येतात. मी मात्र गोळ्या पिशवीत टाकून मोकळी होत नाही. गोळी कशाची, कधी घ्यायची, काय खायचं, काय नाही, हे सगळं सांगते आणि गिऱ्हाइकाकडून परत म्हणवून घेते. घरमालकीण इंदुताई मागच्या खोलीतून ऐकत असतात. "तू दवाई इकते का मुलाखत घेते वं?" असं त्यांनी कालच विचारलं. चौकशीची मला हौस आहे, लपवायचं कशाला.

आज बाजाराचा दिवस, म्हणून इतवारीबाई आली होती. कवडटोल्याची, सिडामांच्या घरची. टोला म्हणजे पाड्याएवढी वस्ती, जंगलाला अगदी लागून. डिसेंबरात मूलच्या डॉक्टरांनी तिला साखरेची गोळी सुरू केली आणि तेव्हापासून ती माझी सगळ्यात गुणी पेशंट आहे. आजही धडा म्हणून दाखवला. "उठली का तोंड धुवाचं, गोळी घ्याची, मंग जेवाचं. साखर बंद, गूळ बंद, गोड म्हणून काईच नाई." एवढं चोख तर कॉलेजात मला स्वतःला येत नव्हतं.

गोळ्या पदराला बांधता बांधता म्हणाली, आता मोहाची फुलं पडायला लागतील, माझ्या झाडाखालचा पाला झाडून आले. जंगलात तुझं झाड कसं, असं मी विचारलंच. तर टोल्यात तशी रीत आहे म्हणे. जी बाई झाडाखालचा पाला झाडते आणि फुलं वेचते, तिचं ते झाड. सासूकडून सुनेकडे जातं. एक हंगाम कुणी फिरकलंच नाही तर दुसऱ्या बाईने झाडून घेतलं तरी कुणी भांडत नाही. "मंग तुझ्या सुनेला कधी मिळणार?" मी विचारलं. "तिले थांबा लागन," म्हणाली आणि हसत निघून गेली.

६ मार्च

इतवारीबाईचं काहीतरी बिनसलंय. आज काउंटरला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सकायी सकायी डोकं हलकं हलकं होते." आणि लगेच, "धनराजले नोको सांगू." धनराज तिचा मुलगा. त्याला मी ओळखतही नाही, सांगायचं कुठून.

साखर उतरत असेल, हे माझ्या डोक्यात आधी आलं. साखरेच्या गोळीवर खाल्लं नाही की असं होतं. म्हणून विचारलं, "गोळी घेतल्यावर जेवतेस ना?"

"जेवते ना. पोटभर जेवते."

"गोड?"

"नाई बाप्पा. चायबी लाल, बिनसाखरेची."

मशीन काढून बोटातलं रक्त तपासलं. दुपारची वेळ होती. साखर उतरायचं राहिलं बाजूला, चांगली वर गेलेली. म्हणजे उतरण्याचा प्रश्नच नाही. मग गोळी पोटात जात नसणार. पण रिकामी पाकिटं तिने आणून दाखवली, ती बरोबर होती. मला अशी कोडी आवडतात, पण ती कागदावर असली तर.

११ मार्च

आज इतवारीबाईची सून आली. करिश्मा नाव, माझ्याच वयाची असेल. एकटीच आली होती, कोणाच्या तरी गाडीवर बसून. हाताला ओरखडे, साडीला फुलांचा आंबूस वास. काही घेतलं नाही. थोडा वेळ खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहिली आणि मग सासूबद्दल, म्हणजे तिच्या 'आत्या'बद्दल, विचारलं,

"मॅडम, आत्याच्या गोळीनं माणूस येडा होते काय?"

"नाही होत. का?"

"बंद केली तं चालन काय? थोडे दिवस?"

माझं डोकंच फिरलं. मी तिला गोळी बंद केली तर डोळ्याचं काय होतं, किडनीचं काय होतं, पायाचं काय होतं, सगळं ऐकवलं. गोळी बंद केलीस तर मी डॉक्टरांना सांगेन, असंही म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत होती. जाता जाता म्हणाली, "तुमी एखाद् दिवस टोल्यावर येसान काय? सकायच्या टाइमले?"

म्हणजे आता मेडिकलवालीने दुकान सोडून हिच्या घरी हजेरी लावायची. मी बघू म्हटलं.

ती गेल्यावर मात्र सगळं जुळायला लागलं. सासूचं झाड. थांबावं लागणारी सून. सासूची गोळी बंद करायची इच्छा. पाकिटं रिकामी होतात ती कोण करतं? इंदुताईंना नाव न घेता विचारलं की एखाद्या सुनेने सासूच्या गोळ्या फेकून दिल्या तर कळेल का. त्या म्हणाल्या, "आमच्या सुनेले माह्या गोळ्या कोण्या डब्यात हाय तेबी मालूम नाई. फेकाले तं ध्यान लागते."

१३ मार्च

बाजार. इतवारीबाई आली, जरा उतरलेली. आज मी नव्या संशयाने तिला गाठलं. मोहाचे दिवस आहेत, घरोघरी फुलं वाळतायत, तेव्हा दारू.

विचारल्यावर ती एवढी हसली की बाकावर बसली. "दारू माहा बुढा पेयाचा. त्याच्या हिश्श्याची अन् माह्या हिश्श्याची, दोनीबी. मले काई उरलीच नाई."

रक्तदाब बघितला, बसवून आणि उभं करून. ठीक. डोळ्यांच्या पापण्या बघितल्या, रक्त फार कमी वाटत नाही. गोळीच्या पाकिटावरची तारीख पुन्हा वाचली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गोळ्या घरी कोण देतं?

"मीच घेते ना. उठली का पह्यली गोळी. पोट्टी तं झोपूनच राह्यते तवा."

म्हणजे सून उशिरापर्यंत झोपते. तेही लिहून ठेवते.

पण मग गोळ्यांशी तिचा संबंध काय? माझा सिद्धांत चांगला होता, नुसता बसत नाहीये. दिवसभर तेच डोक्यात. एका माणसाला दोनदा सुटे परत दिले.

१७ मार्च

करिश्माचा फोन. नंबर पाकिटावरच्या शिक्क्यावरून घेतला म्हणाली. आत्याला काल पुजाऱ्याकडे नेलं. टोल्यातल्या बायका म्हणतात की झाडाखाली तिला काहीतरी धरतं. घरी असली की काही नाही, झाडाखाली गेली की बदलते. शिव्या देते, वेचलेली फुलं परत फेकते. पुजाऱ्याने कोंबडा मागितला, तो दिला, आज पुन्हा तसंच झालं.

"अन् मॅडम, ते वाघाचं जंगल हाय. मी तिच्याच आजूबाजूले वेचते, पण माही बी नजर किती पुरन."

मी म्हटलं, तू तर झोपलेली असतेस ना सकाळी? ती म्हणाली, "ती निंघाले लागली का मी बी उठते."

झाडाखालीच होतं, घरी नाही. हे मला खरंच विलक्षण वाटतंय. परागांची ॲलर्जी? पण ॲलर्जीने कोणी शिव्या देत नाही. फुलांचा आंबूस वास चढत असेल? इंदुताई म्हणाल्या, मोहाखाली निजलेलं अस्वलसुद्धा झिंगतं. अस्वल फुलं खातं, इतवारीबाई गोड खातच नाही.

नाही राहवत. येत्या गुरुवारी संध्याकाळी जाते, शुक्रवारी दुकान दुपारी उघडेन. करिश्मा काही लपवत असती तर तिने मला कशाला बोलावलं असतं, हे आज सुचलं. जरा उशिरा.

२१ मार्च

हे दुकानात बसून लिहितेय. आजचं सगळं नीट लिहायला हवं, नाहीतर माझ्याच डोक्यात ते सोपं होऊन जाईल.

काल संध्याकाळी कवडटोल्याला पोचले, जेवले, निजले. कुणीतरी चालल्याची चाहूल लागून जाग आली तेव्हा बाहेर मिट्ट अंधार होता. मला वाटलं, कुणाला बाहेरचं लागलं असेल. इतवारीबाई अंगणात तोंड धूत होती. धुऊन झालं, पदर सोडला, गोळी काढली आणि घेतली. मग चुलीवर लाल चहा, बिनसाखरेचा. मला बघून खूश झाली. "पाह्य बाई, तू सांगतलं तसंच करते का नाई?"

मी मान हलवली. खरं सांगते, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. झोप डोळ्यावर होती. मी वाट बघत होते की आता ती जेवायला बसेल आणि आपणही पुन्हा जरा पडू. तर तिने टोपली उचलली.

"आत्ता? आणि जेवण?"

"झुंजुरकाच, अंधारातच जा लागते वं. उजाडल्यावर हरणं अन् ढोरं खाते फुलं. जेवण आल्यावर."

"आल्यावर म्हणजे कधी?"

"फुलं सरली का."

पाच-सहा बायका जमल्या, करिश्मा त्यांच्यात होतीच. हातात काठ्या आणि टॉर्च, मोठ्याने बोलत चालायचं, वाघाला कळावं म्हणून. मी मधोमध चालले, खोटं कशाला बोलू. उजाडता उजाडता झाडांशी पोचलो. फुलं टपटप पडत होती, खाली झाडून ठेवलेली जमीन पिवळसर होऊन गेली होती. प्रत्येक बाई आपापल्या झाडाखाली गेली. करिश्माने शेजारचं एक लहान झाड धरलं होतं, फुलं जेमतेम. तिथून इतवारीबाई दिसत राहते.

वेचणं म्हणजे वाकून चालणं. मी अर्धा तास करून कंबर धरून बसले. इतवारीबाई थांबतच नव्हती. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली आलं आणि तेव्हाच कधीतरी ती सरळ उभी राहिली आणि टोपलीतली फुलं मूठमूठ जमिनीवर टाकायला लागली. मी हाक मारली तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कोण हे तिला आठवेना. मग कुणाला तरी शिवी दिली. कपाळावरून घाम गळत होता. करिश्मा आपली टोपली तिथेच टाकून धावली, मागून तिला कवेत धरलं आणि खाली बसवलं. "मॅडम, हेच. हेच मी सांगून राह्यली होती."

मशीन माझ्या पिशवीत होतं. बोट टोचलं. शेहेचाळीस, सत्तरच्या वर हवी ती.

मी पिशवी उलटी केली. तपासायच्या पट्ट्या, कापूस, पट्टीचा डबा, रक्तदाबाचं यंत्र. साखरेचा कणही नाही. दुकानात ग्लुकोजच्या पुड्यांची अख्खी रांग आहे आणि मी जंगलात मोजायला आले होते, द्यायला नाही. इतर बायकांकडे पाणी आणि तंबाखू. टोला लांब. मला रडूच यायला लागलं होतं आणि मी खाली बघितलं.

फुलं. आम्ही फुलांवरच बसलो होतो. ज्यांचा गूळ होतो, दारू होते, अस्वल झिंगतं, त्या गोड फुलांच्या ढिगात बसून ही बाई साखरेवाचून थरथरत होती.

मी ताजी फुलं घेऊन तिच्या ओठांवर पिळली. तिने दात घट्ट आवळले. नाव आठवत नव्हतं, सून ओळखू येत नव्हती, पण हे तेवढं पक्कं होतं. "गोड बंद हाय," म्हणाली. "मेडिकलवालीनं सांगतलं."

"मीच मेडिकलवाली. मीच सांगतेय, खा." काही उपयोग नाही. मी तिला कळतच नव्हते. तेव्हा करिश्मा तिच्या कानाशी वाकून गोंडीत काहीतरी म्हणाली. इतवारीबाईने डोळे मोठे केले, रागाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मग आम्ही दोघींनी फुलं पिळून रस घातला, मग फुलंच चावायला दिली. गिळताना ठसका लागत नाही ना, ते बघत बघत. थोड्या वेळाने घाम थांबला. आणखी थोड्या वेळाने तिने विचारलं, "माही टोपली कोणं सांडवली?"

परत येताना करिश्माला विचारलं, कानात काय सांगितलंस. ती लाजली. "म्हणलं, तू नाई खाल्लं तं झाड आजच मी घेते."

मी हसले आणि मग हसू पुरलं नाही. मागच्या आठवड्यात मी हिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते वर आहेच. खोडत नाही.

डिसेंबरात मी सांगितलं ते तेव्हा बरोबर होतं. थंडीत ती उजाडल्यावर उठायची, शेकोटीशी बसून शिळा भात खायची. उठणं, गोळी, भात, सगळं एका तासात. मोह आला आणि तिची सकाळ मध्यरात्रीच्या पलीकडे सरकली, भात दुपारी गेला. गोळी बिचारी उठण्याला चिकटून राहिली. कारण मीच तशी चिकटवली होती. "जेवतेस ना" विचारलं, "जेवते" म्हणाली, दोघीही खरं बोललो. आणि माझ्या दुकानात ती यायची भरपेट जेवून.

२२ मार्च

मूलच्या डॉक्टरांना फोन करून जंगलातलं सगळं सांगितलं. ते ओपीडीत होते. म्हणाले, "नाश्ता करून जायला सांगा."

"सर, त्या उठतात तेव्हा कोंबडासुद्धा उठलेला नसतो. कोण भात खाणार?"

"मग जंगलात जाते तेव्हा पहिलं जेवण कधी होतं?"

दुपारी, असं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, हे तिने मला कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, आपण कधी विचारलं नाही, मीही नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. गोळीची ताकद कमी केली, ती दुपारच्या पहिल्या जेवणासोबत घ्यायची, पहाटे काहीही घ्यायचं नाही, निघताना वाटीभर आंबील प्यायची, आठवड्याने परत तपासायचं. नवी चिठ्ठी फोटो काढून पाठवली. स्वतःच्या मनाने गोळी हलवायचा अधिकार मला नाही, म्हणून ही चिठ्ठी हातात आल्यावर जीव भांड्यात पडला.

सुटलं एकदाचं कोडं. इंदुताईंना चहा पाजला.

२७ मार्च

कसलं सुटलं.

आज बाजार. इतवारीबाई आली, बाकावर बसली नाही. पदराची गाठ सोडून उरलेल्या सगळ्या गोळ्या काउंटरवर ठेवल्या, मी करिश्माकडे पाठवलेल्या नव्या ताकदीच्यासुद्धा.

"ठेव तुह्या गोळ्या."

शुक्रवारचं सगळं धनराजला कळलं होतं. इतक्या बायकांनी पाहिलं, कळणारच. त्याने आईला जंगल बंद केलं. साखरेचा माणूस वाघाच्या जंगलात नको. गेले पाच दिवस ती घरी आहे आणि फुलं पडतायत.

"गोळीच्यानं झाड जाते तं गोळी नोको. डोये जातीन तं जाऊ दे. झाड पाहाले डोये नाई लागत, फुलं हातालेच लागते."

मी म्हटलं, आता तसं होणार नाही, वेळ बदललीय. ती म्हणाली, मागच्या वेळीही तूच सांगितलं होतंस. गोळ्या मी डब्यात घालून वर तिचं नाव लिहून ठेवलंय. विकल्या नाहीत, फेकल्या नाहीत. नुसत्या आहेत.

फार वाईट वाटलं. तिच्याबद्दल वाटलं आणि स्वतःबद्दलही.

२८ मार्च

दुपारी दुकान इंदुताईंच्या भरवशावर उघडं ठेवून, म्हणजे शटर अर्धं ओढून, स्कुटीने टोल्यावर गेले. धनराज घरी होता. ट्रॅक्टर चालवतो, कमी बोलतो.

मी सगळं समजावलं. गोळी, आंबील, दुपारचं जेवण. त्याने ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर असन, मॅडम. पण वाघ चिठ्ठी नाई वाचत. पोंभुर्ण्याच्या तिकडं मागच्या साली काय झालं ते मालूम हाय ना?"

माहीत आहे. मग म्हटलं, "आईला जंगलात पाठवू नकोस. आधी घरीच ठेव. पण तिच्याच वेळेला उठू दे, तेवढंच काम अंगणात करू दे, आणि करिश्मा रोज बोट टोचून साखर बघेल. मशीन आणि नव्या ताकदीच्या गोळ्या मी ठेवून जाते. कमी आली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

धनराज करिश्माकडे बघायला लागला. तिने मशीन आधीच उचललं होतं आणि स्वतःच्या बोटावर करून बघत होती.

ओसरीवर दोन टोपल्या वाळत घातलेल्या फुलांशेजारी होत्या. एक लहान झाडाची, अर्धवट. दुसरी गच्च भरलेली. इतवारीबाई त्या दुसऱ्या टोपलीकडे पाठ करून बसली होती. मी करिश्माला विचारलं, आत्याचं झाड तूच वेचतेस का. "वेचते," म्हणाली. "नाई वेचलं तं दुसरी झाडून घेन. आत्याची टोपली आत्याम्होरं आणून ठेवते, ती पाह्यत नाई." मग म्हणाली, "ती समजते का मी घेतलं."

मी इतवारीबाईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "पाहिलंस का, तुझं झाड कुणी घेतलं नाही." ती उठून चुलीशी गेली. माझ्यासाठी चहा ठेवला. माझ्या कपात साखर घातली, हे विशेष.

१ एप्रिल

करिश्माचा फोन. चार दिवस साखर ठीक. पहाटे उठते, आंबील पिते, लाकडं फोडते, अंगण दोनदा झाडते, शेजाऱ्यांचंसुद्धा. "घरात बसून सगळ्यायले परेशान करून राह्यली," म्हणाली. मागून इतवारीबाईचा आवाज, "सांग तिले, माही लाकडं सरली."

५ एप्रिल

आज ती जंगलात गेली. धनराज स्वतः सोबत गेला होता म्हणे, काठी घेऊन झाडाखाली बसून होता, आईने त्याच्या हातात टोपली दिली. वेचता येत नाही त्याला. दोनदा बोट टोचलं, दोन्ही वेळा ठीक. करिश्माच्या पदराला ग्लुकोजची पुडी बांधलेली होती, तिला हात लागला नाही.

दुपारी जेवून गोळी घेतली आणि तसं सांगायला फोन केला. "जेवली. घेतली. आता निजते." फोन ठेवून दिला. एवढा छोटा रिपोर्ट डॉक्टरांनासुद्धा कुणी देत नसेल.

१० एप्रिल

बाजार. टोल्यातल्या तीन बायका नवऱ्यांच्या, स्वतःच्या गोळ्या घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या की आमची वेळ बरोबर आहे का बघ. एकीची रक्तदाबाची गोळी नवरा-बायको एकाआड एक दिवस घेतात, दोघांनाही तोच आजार म्हणून. एकीने लघवीची गोळी पहाटे घेणं स्वतःच बंद केलंय, कारण वाघाच्या जंगलात सारखं सारखं झुडपाआड कोण जाणार. मी आधी वेळ सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि त्यांचा दिवस विचारला. कधी उठता, काय खाता, कुठे असता. डॉक्टरांना करायच्या फोनची यादी वाढली. इंदुताई म्हणाल्या, मुलाखती लांबायला लागल्या, दुकानात अजून एक बाक ठेव.

२४ एप्रिल

फुलं संपत आली. इतवारीबाई मूलला तपासणी करून थेट दुकानात आली. तीन महिन्यांची सरासरी साखर अजून थोडी वर आहे, पण खाली यायला लागलीय. डॉक्टरांनी तिला स्वतःहून विचारलं म्हणे, मोहानंतर तेंदूपत्ता तोडायला किती वाजता निघता. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. मी काही न कळल्यासारखं केलं.

मी विचारलं, झाड कसंय. म्हणाली, "करिश्माले देलं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण खरंच दिलं. परवा सगळ्या बायकांसमोर सांगितलं म्हणे, पुढच्या वर्षी पाला ही झाडणार, झाड हिचं. स्वतः वेचायला जाणारच आहे, पण सुनेच्या झाडाखाली. मजुरी म्हणून तिने अर्धी फुलं मागितलीत आणि करिश्मा पाव हिस्सा द्यायला तयार आहे, घासाघीस चालू आहे.

मला खरोखर समजलं नाही. ज्या झाडासाठी डोळे घालवायला निघाली होती, ज्याच्यासाठी मी डॉक्टरांशी, धनराजशी, सगळ्यांशी डोकं फोडलं, ते परत मिळाल्यावर वीस दिवसांत देऊन मोकळी. तसं तिला म्हटलंही. काऊन दिलंस?

ती गोळ्यांची पिशवी पदराला बांधत होती. गाठ ओढून नीट बसवली.

"तवा माह्या हातचं जाऊन राह्यलं होतं," म्हणाली. "आता माह्या हातानं देलं."